‘तेल बदललं म्हणून गिअरबॉक्स बसला’ हे खरं नाही

गेल्या वर्षभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि दोनदा नातेवाइकांच्या. परवा तो बाबांनाही आला. त्यांनी फोन करून विचारलं, “अगं, आपण मागच्या वर्षी गिअरबॉक्सचं तेल बदललं ते चुकलं का?” आवाजात काळजी होती, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

मेसेजचा आशय थोडक्यात असा. जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल कंपनीने आयुष्यभरासाठी भरलेलं असतं, त्याला हात लावू नका. ऐंशी हजार किलोमीटरनंतर तर चुकूनही बदलू नका, कारण जुन्या तेलातल्या कणांवरच क्लच पकड घेत असतो. नवीन तेल घातलं की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा. थोडं कमी झालं तर कुठलंही लाल तेल टाका, सगळी सारखीच असतात. काळं झालं तरच चिंता करा. आणि बदलायचंच असेल तर मशीन लावून पूर्ण फ्लश करून घ्या. शेवटी हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. पण बाबांच्या गाडीची देखभाल गेली अकरा वर्षं मीच बघते, ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यात स्वतः उतरून. चार गिअरची छोटी ऑटोमॅटिक गाडी आहे ती, २००९ची. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबणं त्यांना जमत नाही, त्यामुळे हीच गाडी त्यांचं फिरणं. अशी माणसं खूप आहेत. आय-टेन, सिटी, ऑल्टिस अशा दहा-पंधरा वर्षांच्या ऑटोमॅटिक गाड्या आज बहुतेक ज्येष्ठांच्याच हातात दिसतात. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास जातो, मग गाडी भंगारात जाते आणि माणूस घरात बसतो. म्हणून हा मेसेज मला निरुपद्रवी वाटत नाही.

मुद्दे क्रमाने घेत नाही. सगळ्यात जास्त नुकसान ज्याने होतं तिथून सुरुवात करते.

“जुन्या तेलातल्या कणांवर क्लच पकड घेतो, नवीन तेल घातलं की गिअरबॉक्स बसतो”

हे चांगले अनुभवी मेकॅनिकही सांगतात, आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नसतं. त्यांच्याकडे सव्वा लाख किलोमीटर चाललेली गाडी येते. तेल जन्मापासून एकदाही बदललेलं नसतं. ते बदलतात. पंधरा दिवसांत गाडी नुसती रेस घेते, पुढे सरकत नाही. मालक येऊन भांडतो. असं दोन-तीनदा झालं की मेकॅनिक ठरवून टाकतो: जुन्या गाडीचं तेल बदलायचं नाही.

पण ती गाडी मुळात गॅरेजमध्ये आली कशाला होती, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर कळतं की सकाळी ‘डी’मध्ये टाकल्यावर गिअर दोन सेकंद उशिरा पडत होता, घाट चढताना रेस वाढायची आणि वेग वाढायचा नाही. म्हणजे क्लचचं अस्तर आधीच संपत आलेलं. कुणीतरी सुचवलं, तेल बदलून बघा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि आळ मात्र कावळ्यावर आला.

आत काय चालतं ते एकदा पाहिलं की हा गैरसमज आपोआप सुटतो. मॅन्युअल गाडीत एक मोठी क्लच प्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये लहान चकत्यांच्या थप्प्या असतात. एक नुसती पोलादी चकती, तिच्यावर एक अस्तर लावलेली, पुन्हा पोलादी, अशा एकाआड एक. अस्तर म्हणजे कागदासारखा तंतूंचा थर, राळेने घट्ट करून चकतीवर चिकटवलेला. आणि या सगळ्या थप्प्या तेलात बुडालेल्या. तेलाच्या दाबाने पिस्टन सरकतो, थप्पी आवळली जाते आणि तो गिअर लागतो. दाब सोडला की सुटतो. हेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातल्या दुव्यातून, इंजिनची ताकद पुढे नेतं, गिअरच्या दातांना वंगण देतं, उष्णता उचलून कूलरपर्यंत पोहोचवतं.

जुन्या तेलात तरंगणारे ते कण म्हणजे याच अस्तराची झीज. त्यांनी पकड वाढत नाही. ते व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब कुठल्या थप्पीला द्यायचा ते ठरवणाऱ्या भागात, जातात. ॲल्युमिनियमच्या त्या चक्रव्यूहात पेन्सिलीएवढ्या झडपा सरकत असतात, आणि झडप व तिचं भोक यांच्यातली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची असते. तिथे हे कण घासतात. झडप अडखळते, भोक झिजतं, दाब गळतो. दाब कमी झाला की थप्पी सैल आवळली जाते, ती घसरते, घसरली की तापते, तापली की अस्तर आणखी झिजतं आणि तेलात आणखी कण येतात. मेसेज ज्याला पकड म्हणतो आहे ते खरं तर हे दुष्टचक्र आहे.

पकड ठरते ती तेलात मिसळलेल्या रसायनांवर. थप्पी लागताना सुरुवातीला चकत्यांच्या वेगात फरक जास्त असतो, शेवटी तो शून्यावर येतो. या शेवटच्या क्षणी घर्षण एकदम वाढलं तर चकत्या धर-सोड करू लागतात. ते होऊ नये, थप्पी मऊ लागावी, म्हणून ही रसायनं. उष्णतेने आणि वयाने ती संपतात. मग ४० ते ६०च्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रस्त्यावरच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. पुष्कळ गाड्यांमध्ये ही थरथर योग्य तेल भरल्यावर थांबते. जुनं तेल पकड सांभाळत असतं, तर असं झालं नसतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती मान्य करायलाच हवी. गाडी घसरायला लागलेली असेल, तर नवीन तेलाने झिजलेलं अस्तर पुन्हा उगवणार नाही. तेव्हा मालकाला आधी स्पष्ट सांगावं की तेल बदलून फरक पडेलच असं नाही, दुखणं पुढे गेलेलं आहे. हे न सांगता पैसे घेणारा मेकॅनिक चुकतो. पण यातून ‘धडधाकट गिअरबॉक्सचंही तेल बदलू नका’ असं निघत नाही. गाडी उद्या घसरू नये म्हणूनच तर आज तेल बदलायचं.

दुखणं कुठवर गेलंय हे कळायला एक साधी तपासणी आहे. बहुतेक जुन्या गाड्यांच्या ड्रेन प्लगला किंवा चेंबरच्या, म्हणजे खाली तेल साठतं त्या भांड्याच्या, तळाला लोहचुंबक असतं. तेल काढल्यावर ते बघायचं. बाबांच्या गाडीच्या प्लगवर राखाडी रंगाचा लेप होता, टूथपेस्टसारखा मऊ. अंगठा आणि बोटात चोळला तर काजळासारखा पसरला, बोचलं काहीच नाही. एवढी झीज इतक्या वर्षांत व्हायचीच. त्याच दिवशी शेजारच्या खड्ड्यावर दुसऱ्या गाडीचा चेंबर उतरवला होता. त्याच्या तळाशी चमकणारे पापुद्रे होते आणि काळ्या तंतूंचा गाळ. तेलाला करपलेल्या फोडणीसारखा वास. मेकॅनिकने मालकाला बोलावून ते दाखवलं आणि सांगितलं, यात मी नवीन तेल भरीन, पण शब्द देणार नाही. मला त्याचं हे वागणं फार आवडलं.

“कंपनीने आयुष्यभरासाठी भरलेलं असतं”

कुणाच्या आयुष्यभर? हा शब्द काही पुस्तिकांमध्ये खरोखर असतो, त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याने तो मनाने घातलेला नाही. पण त्याच पुस्तिकेत देखभालीचं वेळापत्रक दोन भागांत असतं, एक सामान्य वापराचं आणि एक कठीण वापराचं. कठीण वापर म्हणजे काय याची यादी वाचा: सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, खूप उष्ण हवा, धूळ, डोंगराळ रस्ते, कमी अंतराच्या फेऱ्या, जड ओझं. ठाण्यात राहून घोडबंदर रोडने ऑफिसला जाणारा आणि गणपतीला कोकणात उतरणारा माणूस या यादीतलं काय टाळू शकतो? आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक शहरी गाडी कठीण वापरातच मोडते, आणि अनेक पुस्तिका तिथे तेल बदलण्याचा आकडा देतात.

ट्रॅफिकचा इतका त्रास का, तेही सांगते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन पंखे समोरासमोर असतात आणि मधल्या तेलामुळे एकाने दुसरा फिरतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद उष्णता होऊन तेलात जाते. हमरस्त्यावर एकसारख्या वेगात आलं की आतला लॉक-अप क्लच दोघांना बांधून टाकतो आणि ही उष्णता थांबते. पण पाच-दहाच्या वेगात सरकताना लॉक-अप लागत नाही. म्हणून मुंबईत तीस किलोमीटर सरकलेली गाडी द्रुतगती मार्गावर तीस किलोमीटर धावलेल्या गाडीपेक्षा तेलाला जास्त शिजवते. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. ८० अंशांवर जे तेल निवांत टिकलं असतं, त्याचं १०० अंशांवर काय होत असेल याचा अंदाज यावरून करा.

आणखी एक पुरावा मला सगळ्यात बोलका वाटतो. जर्मनीतली झेडएफ ही कंपनी इतर अनेक कंपन्यांच्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवते. त्यातल्या काही गाड्यांच्या बाबतीत तेल आयुष्यभराचं आहे असं गाडीवाली कंपनी सांगते. पण गिअरबॉक्स ज्यांनी बनवला ते झेडएफवाले स्वतः तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांनी, बदलायला सांगतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या जुन्या सहा गिअरच्या, तेलात बुडालेला क्लच असलेल्या डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तर ६०,००० किलोमीटरचा आकडा कंपनीनेच दिलेला आहे. बाबांच्या गाडीला मी ४०,००० किलोमीटर किंवा चार वर्षं धरते. हा माझा आकडा आहे, कंपनीचा नव्हे. बाबा फार फिरत नाहीत, पण फिरतात ते सगळं शहरात.

“लाल असलं की कुठलंही चालतं”

लाल रंग हा फक्त रंग आहे. गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे कळावं म्हणून मिसळलेला. तेलाच्या जातीशी त्याचा संबंध नाही; निळी आणि हिरवट तेलंही असतात.

जाती किती वेगळ्या असतात याचा इतिहास रंजक आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर बनवलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, आणि १९४९मध्ये त्याच्या तेलाचा ‘टाइप ए’ हा पहिला दर्जा ठरवला. त्या काळातल्या तेलांत थप्पी मऊ लागावी म्हणून स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने व्हेलच्या उत्पादनांवर बंदी आणली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधत बसावं लागलं. एका माशाच्या... खरं तर सस्तन प्राणी तो, पण त्याच्या तेलाच्या काही टक्क्यांवर गिअरबॉक्सचं आयुष्य ठरत होतं. घर्षणाची ही रसायनं तेलात असणं-नसणं किती महत्त्वाचं आहे, हे यापेक्षा वेगळं कसं सांगू?

त्याच काळात फोर्डचं ‘टाइप एफ’ तेल नेमकं उलट विचाराने बनवलेलं होतं. त्यात घर्षण कमी करणारी ही रसायनं नव्हती, कारण फोर्डच्या थप्प्यांना कडक पकड हवी होती. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन त्यात भरलं तर थप्पी जास्त वेळ घसरे. उलट केलं तर गिअर झटके देऊन पडत. दोन्ही तेलं लालच.

आपल्याकडच्या गाड्यांतही तेच. डिपस्टिकवर किंवा पुस्तिकेत नाव लिहिलेलं असतं. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरवाल्यांना एसपी-थ्री. होंडाचं आधी झेड-वन होतं, मग त्याच्या जागी डीडब्ल्यू-वन आलं आणि जुन्या गाड्यांनाही तेच चालतं असं होंडा सांगते. टोयोटात टी-फोर आणि डब्ल्यूएस ही दोन वेगळी आहेत. टी-फोर १०० अंशांवर सुमारे सात सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप) घट्ट, डब्ल्यूएस साडेपाचच्या आसपास. एकाच्या जागी दुसरं घालू नका असं टोयोटाच म्हणते. नवीन, महाग म्हणजे आपल्या जुन्या गाडीला चांगलं, असा हिशेब इथे लागू नाही.

आणि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक, असेल तर साध्या ऑटोमॅटिकचं तेल अजिबात नको. २००३नंतरच्या जुन्या सिटीत सीव्हीटी होता, त्या अजून रस्त्यावर दिसतात. सीव्हीटीत पोलादी पट्टा पोलादी पुलीला धरून चालतो. तिथे पोलादावर पोलादाची पकड टिकवणारं तेल लागतं. थप्पी मऊ लागावी म्हणून बनवलेलं तेल तिथे पट्टा घसरवतं, आणि घसरलेल्या पट्ट्याने पुलीवर ओढलेल्या रेघा कुठल्याही तेलाने पुसल्या जात नाहीत.

हा मुद्दा मला इतका का लागतो? २०१७च्या गणपतीत आम्ही चिपळूणला निघालो होतो. आदल्या दिवशी घाईत, माझ्या नेहमीच्या गॅरेजला सुट्टी म्हणून, दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखवली. त्यांनी तेल कमी आहे म्हणून कॅनमधलं सुटं तेल भरलं. बिलावर एवढंच: ‘एटीएफ १ लि.’, म्हणजे नुसतं ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल’. कुठल्या कंपनीचं, कुठल्या दर्जाचं, काही नाही. मीही विचारलं नाही. कशेडी घाट उतरून खेडच्या सपाटीला लागलो तशी ती पांढऱ्या पट्ट्यांवरची थरथर सुरू झाली. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, रस्ता खराब आहे. रस्ता त्या ठिकाणी चांगला होता.

परत आल्यावर योग्य तेल आणून तीन रविवारी तीनदा बदललं. दुसऱ्या वेळेनंतर थरथर कमी झाली, तिसऱ्यानंतर थांबली. आणि तेल कमी का झालं होतं ते सुटं तेल भरणाऱ्या त्या गॅरेजने पाहिलंच नव्हतं. इंजिन थोडं तेल जाळतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाळत नाही. तिथे तेल कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळलं. बाबांच्या गाडीत उजव्या ॲक्सलचं ऑइल सील पाझरत होतं. चाकामागे बोट फिरवलं तर ओलं लागलं.

“काळं झालं तरच चिंता करा”

रंग एकटा फार काही सांगत नाही. काही तेलं थोड्याच काळात तपकिरी होतात आणि तरी ठीक असतात. पांढऱ्या टिशूवर एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. थेंब मोकळा पसरला आणि लालसर-तपकिरी वलय उमटलं तर तेलात अजून जीव आहे. मधोमध काळा ठिपका बसून राहिला आणि भोवती नुसतीच पातळ कड आली, तर गाळ जास्त झालाय. वास घ्या. करपट वास रंगापेक्षा जास्त खरं बोलतो.

आणि सगळ्यात धोक्याचा रंग काळा नाहीच. चिपळूणला जुलै २०२१च्या पुरात मावशीची गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. तीही ऑटोमॅटिक. पाणी ओसरल्यावर तिथल्या मुलांनी इंजिनचं तेल बदललं, सीट धुतल्या, आणि गाडी सुरू करायला निघाले. मी फोनवर ओरडून थांबवलं. गिअरबॉक्सचा ड्रेन उघडला तर हुबेहूब सोलकढी बाहेर आली, तोच दुधट गुलाबी रंग. हवेच्या नळीतून पाणी आत शिरलं होतं. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तरी असंच होतं, तेव्हा पाण्याबरोबर कूलंटही आत येतो. अस्तर कागदी असतं हे लक्षात घ्या: पाण्याने ते फुगतं, चिकटवलेली राळ सुटते. अशी सोलकढी दिसली की इंजिन सुरूही करू नका, गाडी ओढून न्या.

“मशीन लावून पूर्ण फ्लश करा”

मेसेज आधी म्हणतो हात लावू नका, मग म्हणतो सगळ्यात जोरदार हात लावा. फ्लश म्हणून दोन गोष्टी चालतात. एका प्रकारात कूलरच्या नळ्या मशीनला जोडतात, गिअरबॉक्सचाच पंप जुनं तेल बाहेर टाकतो आणि तेवढंच नवीन आत जातं. वेळच्या वेळी तेल बदललेल्या गाडीला हे चालू शकतं. दुसऱ्यात बाहेरून दाब देतात, वर साफ करणारं रसायन घालतात. दीड लाख किलोमीटरचा गाळ ज्या गिअरबॉक्सच्या कोपऱ्यांत बसलाय, तिथे एकदम असा दाब दिला तर तो सुटून व्हॉल्व्ह बॉडीतल्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपांच्या) बारीक जाळ्यांत जाऊन बसतो. ‘तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ या गोष्टींतल्या काही अशा असतात. दोष तेलाचा नसतो. शिवाय मशीनच्या नळ्यांत आधीच्या गाडीचं कुठलं तेल उरलंय हे तुम्हाला कुणी सांगत नाही, आणि चेंबरमधली तेल गाळणारी जाळी तशीच मळकी राहते.

जुन्या, कधीच तेल न बदललेल्या गाडीला सावकाश पद्धत बरी. ड्रेन प्लग उघडला तरी सगळं तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये बरंच राहतं. समजा गिअरबॉक्समध्ये सात लिटर बसतं आणि साडेतीन निघतं. एकदा बदललं की निम्मं नवीन. दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा बदललं की पाऊण नवीन. तिसऱ्यांदा केलं की साडेसत्याऐंशी टक्के. गाळ हळूहळू निघतो, नवीन रसायनं हळूहळू येतात, आणि बिघडायचंच असेल तर मधल्या टप्प्यात लक्षात येतं. तेल जास्त लागतं हे खरं. पण गिअरबॉक्सपुढे तीन-चार लिटर तेलाची किंमत काढत बसू नये. ज्या गाड्यांना चेंबर उतरवता येतो, त्यांची जाळी आणि गॅस्केट पहिल्याच वेळी बदला.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, आणि निम्मी दुखणी तिथून येतात. लेव्हल. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ असं म्हणत भरणारे मी पाहिलेत. जास्त तेल फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचतं, घुसळलं जातं, फेस होतो. फेसातली हवा दाबली जाते, मग पिस्टनला पूर्ण दाब मिळत नाही आणि थप्पी घसरते. कमी तेलातही पंप हवा ओढतो आणि परिणाम तोच.

मोजायची रीतही गाडीगणिक वेगळी. बऱ्याच टोयोटांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून दांडा फिरवून ‘पी’त आणून डिपस्टिक बघायची. होंडात गरम करून इंजिन बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांत बघायचं. एकाची रीत दुसऱ्याला लावली की चूक ठरलेली. तेल तापलं की फुगतं. सात लिटर तेल साठ अंशांनी तापलं तर पाव लिटरहून जास्त वाढतं, म्हणून थंड गाडीवर ‘हॉट’ची खूण गाठू नका. डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत स्कॅनरवर तेलाचं तापमान बघून, पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला, लेव्हलच्या प्लगमधून बारीक धार थांबायची वाट बघावी लागते. हे काम ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याला देऊ नका.

आणि एएमटीवाल्यांनी हा मेसेज आणि माझं हे लिखाण दोन्ही बाजूला ठेवावं. २०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली ती पद्धत म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि दांडा हलवायचं काम फक्त यंत्र करतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही आणि हे लाल तेलही नाही, साधं गिअर ऑइल असतं.

बाबांना मी सांगितलं, आपलं काही चुकलं नाही. मागच्या वेळी मी निघालेलं तेल मापाच्या जगमध्ये मोजलं होतं, तीन लिटर दोनशे मिली, आणि तेवढंच नवीन भरलं. मग गाडी गरम करून डिपस्टिकवर खात्री केली. जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं, त्यांच्याकडून ते गोळा करणारे नेतात. गटारात एक थेंबही ओतायचा नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला बाबांनी त्यांच्या सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे, वरून पारदर्शक टेप लावून: तारीख, किलोमीटर, ‘एसपी-थ्री’, ३.२ लिटर, प्लगचा वॉशर नवीन. खाली पुढच्या वेळेसाठी एक रिकामी ओळ त्यांनी आधीच आखून ठेवली आहे.